आयत्या बिळातला नागोबा

आमची भाची पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे नक्की कशात आहे, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. माणूस बँकेत आहे, रेल्वेत आहे किंवा झेडपीत आहे असे म्हटले, की तो कुठे बसतो, किती वाजता डबा उघडतो आणि कोणत्या वेळी जाग्यावर सापडत नाही, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. उभी हयात कचेरीत गेल्यामुळे एवढी दिव्यदृष्टी प्राप्त झालेली आहे. पण सॉफ्टवेअर? ते करतात, लिहितात, बनवतात की उकडतात, इथपासूनच माझी गाडी अडायची. चारचौघांत मात्र मी ‘आमची भाची सॉफ्टवेअर लिहिते’ असे ऐटीत सांगत असे. डोळ्यांपुढचे चित्रही ठरलेले होते. भास्कराचार्यांची लीलावती हिंजवडीच्या अकराव्या मजल्यावर बसली आहे आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे स्वतःच्या डोक्याने लिहिते आहे!

गेल्या हिवाळ्यात ती दोन दिवस आमच्याकडे राहायला आली आणि या चित्राला तडा गेला. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आमच्या हिचे मटार, आणि मध्ये मी, म्हणजे दोन्हींपैकी कशाचाच उपयोग नसलेला. भाचीने एक ओळ टाइप केली, एक कळ दाबली, आणि काळ्या पडद्यावरून अक्षरे अशी धावत सुटली, की संध्याकाळी गोठ्याकडे सुटलेल्या म्हशीच!

“एवढं सगळं एका दमात लिहिलंस?” मी थक्क होऊन विचारले.

“छे हो, मामा. मी एकच ओळ लिहिली. हे बाकीचे भाग मागवले.”

“कुणाकडून?”

“लोकांकडून.”

“कोणत्या लोकांकडून?”

“काय माहीत! असतात जगभर.”

मग तिने समजावून सांगितले. रोग्यांना घरबसल्या डॉक्टरांचा नंबर लावता यावा, अशी काहीतरी व्यवस्था ती करत होती. त्यात तारखा मोजणारा एक भाग, कॅलेंडर मांडणारा दुसरा, पासवर्ड तपासणारा तिसरा, बटणे रंगवणारा चौथा. हे सगळे कुणी ना कुणी आधीच लिहून ठेवलेले असतात. ते उतरवून घ्यायचे आणि जोडायचे. “माझं स्वतःचं म्हणाल, तर वरणावरची फोडणी,” ती म्हणाली.

“असे किती भाग मागवलेस?”

“मी आठच मागवले होते. पण त्या आठांना आणखी काही लागतात, त्यांना आणखी. सगळे मिळून सहाशे चाळीस आले.”

लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापले की काय होते, याचा मला अनुभव असल्यामुळे आकड्याचे नवल वाटले नाही. धक्का बसला तो नीतीच्या बाजूने. लहानपणी शेजाऱ्याच्या पाटीवरची दोन गणिते उतरवली म्हणून मी अख्खा तास बाकावर उभा राहिलेला माणूस आहे. त्यातले एक गणित त्याचेच चुकले होते, म्हणून तर सापडलो. आणि इथे माझी सख्खी भाची सहाशे चाळीस जणांच्या पाट्या उतरवून वर पगार घेत होती!

“याला आमच्या वेळी आयत्या बिळावर नागोबा म्हणत,” मी म्हणालो.

ही मटारांतून मान वर न करता म्हणाली, “सकाळी पोहे खाल्लेत, ते मी भात कांडून केले होते का? मोहरीसुद्धा मी पेरली नव्हती. चांगले मिटक्या मारत होता.”

“आणि मामा,” भाचीने बाण सोडला, “तुमची ती वही?”

मी गप्प बसलो. त्या वहीबद्दल आता सांगायलाच हवे.

कचेरीत मी बत्तीस वर्षे काढली. त्यांतली निदान पंचवीस वर्षे साहेबांची भाषणे, निरोपाचे चार शब्द, शोकसंदेश, अभिनंदनाचे ठराव हा सगळा सरंजाम माझ्या टेबलावरून जात असे. साहेब बदलत, मी तिथेच. सुरुवातीला मी दर वेळी नव्याने लिहायला बसायचो. पण तिसऱ्या निरोप समारंभाच्या वेळी ध्यानात आले, की नोकरीतून माणसे साधारण एकाच पद्धतीने निवृत्त होतात. मग मी एक लांबट वही केली. पुढच्या बाजूने निरोप, मागच्या बाजूने शोक, मध्ये अभिनंदन. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. ‘वक्तशीरपणा’ क्रमांक दोन. ‘हसतमुख स्वभाव’ क्रमांक तीन. जो वक्तशीरही नाही आणि हसतमुखही नाही, त्याच्यासाठी ‘स्पष्टवक्तेपणा’, क्रमांक सात. ‘अमका जातोय, काहीतरी लिहा’ असे साहेब म्हणाले, की दोन, तीन, चार, अकरा असे उतरवायचे, सवयीने खाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहायचे आणि कागद स्टेनोकडे! लोक म्हणत, ‘काय ओघवती लेखणी आहे हो!’ लेखणी ओघवती नव्हती, वही जाड होती.

आणि यात माझे तरी नवे काय होते? ‘सा. न. वि. वि.’, ‘इकडील सर्व क्षेम’, ‘लहानांस आशीर्वाद’, ‘कळावे, लोभ असावा’ या सुट्या भागांवर महाराष्ट्राने कित्येक पिढ्या पत्रव्यवहार चालवला आहे. खरा मजकूर एक ओळ, ‘शंभर रुपये पाठवून द्यावेत’. पुढचे मागचे सगळे तयार माल.

भाची म्हणाली, की तुमच्या वहीचीच कल्पना एका गृहस्थाने जगापुढे मांडली होती. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश या गावी ‘नाटो’ने सॉफ्टवेअरवर एक परिषद भरवली होती. तिथे अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे डग्लस मॅकिलरॉय यांनी निबंध वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की इतर धंद्यांत सुटे भाग कॅटलॉगातून निवडतात, आपण मात्र अजून प्रत्येक घरासाठी नव्याने विटा भाजतो. बांधकामाच्या मागासलेल्या धंद्यांपेक्षाही आपण मागे आहोत. तेव्हा सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांचे कारखाने निघावेत, आणि किती अचूक हवा, किती वेगवान हवा ते पाहून गिऱ्हाइकाने भाग निवडावा.

त्यांचे स्वप्न खरे झाले, पण जरा वेगळ्या रीतीने. कॅटलॉग आले, मात्र कारखान्यांपेक्षा जास्त निघाली ती सदावर्ते. कुणीतरी आपल्या गरजेपुरता एखादा भाग लिहितो आणि ‘घ्या बाबांनो’ म्हणून चव्हाट्यावर ठेवून देतो. दाम नाही, पावती नाही. भाचीचे सहाशे चाळीस पाहुणे अशाच सदावर्तांतून आले होते. हे ऐकून मला गहिवरून आले. माणूस फुकट काही देतो यावर माझा विश्वास रेशनच्या रांगेत उडाला होता, तो थोडासा परत आला.

“पण एखादा देणारा रुसला तर?” मी विचारले. मी पंचवीस-तीस लग्ने वधूपक्षाकडून पार पाडलेली आहेत.

“रुसला होता ना!” भाची म्हणाली, आणि तिने लेफ्ट-पॅडची कथा सांगितली.

एका प्रोग्रॅमरने ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा भाग लिहून ‘एनपीएम’ नावाच्या कोठारात ठेवला होता. एकूण ओळी अकरा. काम काय, तर आकडा किंवा शब्द ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा नाहीतर शून्ये भरायची. म्हणजे पाचाचे ००५ करायचे. हे काम आवक-जावक रजिस्टरात मी वर्षानुवर्षे केले, आणि त्याला जगात काही किंमत असेल अशी शंकाही मला कधी आली नाही. २०१६ च्या मार्चमध्ये या गृहस्थाच्या दुसऱ्याच एका भागाच्या नावावरून एका कंपनीशी तंटा झाला. कोठारवाल्यांनी ते नाव कंपनीला देऊन टाकले. गृहस्थ संतापले आणि आपले झाडून सगळे भाग उचलून चालते झाले. मानपानावरून रुसलेले आतोबा निघून जातात हे आपण पाहिलेले आहे, पण इथे आतोबांनी जाताना मांडवाचा खांबच काखोटीला मारला! त्या अकरा ओळी नाहीशा झाल्या आणि हजारो प्रकल्पांची जुळणी जागच्या जागी अडली. त्यांतल्या कित्येकांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकलेले नव्हते. तो त्यांच्या पाहुण्यांच्या पाहुण्यांबरोबर आत शिरला होता. शेवटी कोठारवाल्यांनीच तो भाग काही तासांत परत जागेवर ठेवला, तेव्हा अन्न शिजले.

“म्हणजे रोज ज्यांच्या जिवावर जेवता, त्यांची चौकशी ते उठून गेल्यावर,” मी म्हणालो. नीतीच्या बाजूने आता मला जोर चढला होता. भाचीनेही त्यात भर घातली. इंटरनेटवरून पासवर्ड जाताना कुणी वाचू नये म्हणून त्याला कुलूप घालणारा ‘ओपनएसएसएल’ नावाचा एक भाग आहे. तो जगभरच्या धंद्यांनी घेतलेला. २०१४ साली त्याला ‘हार्टब्लीड’ नावाचे भोक सापडले. भोक दोन वर्षांपासून होते. तेव्हा कुठे लोकांनी विचारले, की हे कुलूप करतो तरी कोण? तर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक, आणि वर्षाकाठी जमणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर! आमच्या आळीतला गणपती नुसत्या मांडवावर याहून जास्त उडवतो.

“मग त्या भोकाबद्दल भांडायचं कुणाशी?”

“कुणाशीच नाही. भाग घेताना परवान्यात लिहिलेलंच असतं, की आहे तसा घ्या, काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही.”

मला ‘आपल्या सामानाची काळजी आपण घ्यावी’ ही एस. टी. स्टँडवरची पाटी आठवली. फुकट देणाऱ्याने तसे म्हणावे यात अन्याय काहीच नाही. पाणपोई घालणाऱ्याने वर तुमच्या पोटाचा विमा उतरवावा, अशी अपेक्षा कशी करणार? पण मग मला भलताच पेच पडला. देणारा म्हणतो, मी जबाबदार नाही. जोडणारी म्हणते, मी लिहिलेलेच नाही. उद्या तुझ्या त्या नंबरांच्या भानगडीत एखाद्या म्हाताऱ्याची तपासणीची तारीख हुकली, तर त्याने कुणाचे नाव घेऊन बोटे मोडायची?

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आम्हांला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका रॉकेटची गोष्ट सांगतात.”

ती गोष्ट अशी. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात, कुरू इथल्या तळावरून, युरोपचे आरियान ५ हे नवे रॉकेट पहिल्यांदाच उडाले. आत चार वैज्ञानिक उपग्रह. चाळीसएक सेकंदांत रॉकेट एकाएकी वळले, मोडले आणि त्याचा स्फोट झाला. सुदैवाने आत माणूस नव्हता. चौकशी झाली. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेतला सॉफ्टवेअरचा एक भाग आधीच्या आरियान ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता. आरियान ४ मध्ये त्याने कधी तक्रारीला जागा दिली नव्हती. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा जास्त. त्यामुळे एक आकडा फुगला. तो ज्या कप्प्यात ठेवायचा, त्यात ३२,७६७ च्या वरचे काही मावत नव्हते. आकडा मावला नाही आणि यंत्रणेने मान टाकली. जोडीला तशीच एक राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तिने तर आधीच मान टाकलेली. म्हणजे स्टेपनीसुद्धा त्याच खिळ्यावर पंक्चर!

“आणि मामा, यातली गंमत म्हणजे उड्डाणानंतर त्या भागाची गरजच नव्हती. जुन्या रॉकेटला काही कारणानं तो उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवावा लागे. नव्याला ते कारणच नव्हतं. पण चांगला चालतोय, कशाला हात लावा, म्हणून राहू दिला. नव्या रॉकेटच्या उड्डाणाचे आकडे घालून एकदा तपासला असता, तरी जमिनीवरच कळलं असतं.”

भाचीच्या दृष्टीने गोष्ट संपली होती. हीसुद्धा मटारांची सालं गोळा करून आत गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो. कारण हे रॉकेट मी ओळखत होतो. आरियान ५ च्या दहा वर्षे आधी, १९८६ साली, आमच्या कचेरीच्या हॉलमध्ये बटाटेवडा, वेफर्स आणि पेढा यांच्या साक्षीने मीच ते उडवले होते.

आमच्या आवक-जावकला एक अण्णा होते. कमी बोलणारे, कागद दोन्ही हातांनी देणारे. ते निवृत्त व्हायचे होते. साहेब नवे, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. ते म्हणाले, ‘काहीतरी लिहा.’ मी वही काढली. दोन, तीन, चार, अकरा. क्रमांक चारचा परिच्छेद माझा फार आवडता होता. आतापर्यंत अकरा समारंभांत त्याने टाळ्या घेतल्या होत्या. ‘यापुढे चिरंजीवांच्या संसारात लक्ष घालावे, नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरवावे,’ असा त्याचा थाट. मी कागद लिहिला. स्टेनोने टाइप केला. सुपरिंटेंडेंटनी ‘पाहिले’ म्हणून सही केली. तिघांनाही तो परिच्छेद इतका पाठ होता, की तो आम्ही वाचलाच नाही.

साहेबांनी हॉलमध्ये तो वाचला. खड्या आवाजात, मधे थांबून, अण्णांकडे हसून बघत.

अण्णांचा एकुलता एक मुलगा आठ वर्षांपूर्वी गेला होता. कॉलेजात होता. तापाचे निमित्त झाले. साहेबांना हे माहीत असण्याचे कारण नव्हते. मला होते. मी स्मशानात गेलो होतो.

हॉलमध्ये कुणी वेफरसुद्धा मोडला नाही. मग अण्णा उठले. खांद्यावरची शाल नीट केली आणि म्हणाले, “साहेबांची आज्ञा मोडता येणार नाही. आमच्या चाळीत पुष्कळ मुलं आहेत. खेळवीन.” एवढे बोलून ते बसले. आम्ही इतक्या जोराने टाळ्या वाजवल्या, की आम्ही किती सुटलो ते त्यांना स्पष्ट ऐकू गेले असेल.

नंतर साहेबांनी स्टेनोला बोलावले. स्टेनोने माझा कागद दाखवला. सुपरिंटेंडेंट म्हणाले, आपण फक्त शुद्धलेखन पाहिले. मी म्हणालो, “साहेब, वहीतला मजकूर तसाच होता.” आजही ते वाक्य आठवले, की अंगावर काटा येतो. वहीला मेमो देता येत नाही, म्हणून प्रकरण तिथेच मिटले. आणि कागदाच्या तळाशी माझ्याच अक्षरात होतेच, चू. भू. द्या. घ्या.!

पंधरा दिवस मी अण्णांच्या घरावरून जाणारा रस्ता टाळला. सोळाव्या दिवशी अर्धा डझन मोसंबी घेऊन गेलो. काय बोलायचे ते सुचत नव्हते, म्हणून आदल्या रात्री वही चाळली होती. तिच्यात निरोप होता, शोक होता, अभिनंदन होते. क्षमा मागण्याबद्दल एक ओळ नव्हती.

अण्णांनी दार उघडले. आत तीन पोरे जमिनीवर बसून पाढे लिहीत होती. “या, या,” अण्णा म्हणाले, “तुमच्या भाषणाची अंमलबजावणी चाललीय.”

मी काहीतरी पुटपुटणार, तोच ते म्हणाले, “भाषणं तुम्हीच लिहिता, हे मला ठाऊक आहे. आवक-जावकला बसणाऱ्याला कुठला कागद कुठून निघतो ते कळतं.” मग त्यांनी कोपऱ्यातली ट्रंक उघडून एक पाकीट काढले. कचेरीतर्फे आठ वर्षांपूर्वी गेलेले शोकपत्र. “हेही तुमचंच. ती सायकलची ओळ वाचली आणि वाटलं, कुणीतरी बघितलं होतं त्याला.”

आता ते पत्र कसे लिहिले होते ते सांगतो. तेही त्याच वहीतले. मागच्या बाजूचा क्रमांक पाच. पण त्या रात्री उतरवताना माझा हात थांबला होता. महिन्यापूर्वीच मी त्या पोराला कचेरीच्या फाटकाशी पाहिले होते. अण्णा डबा विसरले म्हणून तो सायकलवरून घेऊन आला होता, आणि सायकलची घंटी बिघडलेली असल्यामुळे तोंडानेच ‘ट्रिंग ट्रिंग’ करत होता. ती एक ओळ मी पत्रात घातली होती. बाकीच्या आठ ओळी तयार होत्या. अण्णांना मी हे सांगितले नाही. ते आठही ओळी जपून ठेवणार होते, आणि त्या आठ ओळींनीही आपले काम चोख केले होते.

म्हणून भाचीला नागोबा म्हणालो ते मी परत घेतो. वही एकच, हात एकच. एकदा त्याच तयार मालाने एका बापाला धीर दिला, आणि एकदा भर सभेत त्याच्या जखमेवर बोट ठेवले. मालात फरक नव्हता. एका वेळी मी जोडण्यापूर्वी त्या माणसाकडे पाहिले होते, दुसऱ्या वेळी पाहिले नव्हते. क्रमांक चारचा परिच्छेद अकरा घरांत खराच होता. त्याला नातवंडे असलेले घर लागते, हे त्याच्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. ते बघणे परिच्छेदाचे काम नव्हे, स्टेनोचेही नव्हे. ते माझे होते. दुसऱ्याचे कष्ट उसने घेता येतात, सगळे जग त्यावर चालते आणि चालावे. पण उसने घेतलेली वस्तू आपण जिथे नेऊन ठेवतो, ती जागा आपली असते. तिथे पुढे जे होईल त्याला ‘मी लिहिलेले नाही’ हे उत्तर होत नाही.

हे सगळे मी भाचीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, की आता तिच्या धंद्यातही लोक थोडे शहाणे होऊ लागले आहेत. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला. सरकारला सॉफ्टवेअर विकायचे तर आत कोणकोणते भाग आहेत त्याची यादी द्यावी, असा त्याचा रोख. म्हणजे बिस्किटांच्या पुड्यामागे असते तशी. ही आतून म्हणाली, “यादी देऊन काय होणार? वाचायला हवी ना कुणीतरी!” आमच्या घरात शेवटचा शब्द असाच आतून येतो.

रात्री उशिरा पाणी प्यायला उठलो, तर टेबलावर दिवा चालू होता. भाची एकेक भाग उघडून बघत होती. सहाशे चाळीस काही एका रात्रीत होणार नव्हते. पण तारखा मोजणारा भाग तिने आधी काढला होता, आणि त्याला एकोणतीस फेब्रुवारी घालून पाहत होती.

“कुणी लिहिलाय गं तो?” मी विचारले.

तिने पडद्यावरचे नाव वाचून दाखवले. मला ते नीट उच्चारता आले नाही. पण त्या माणसाला चार ओळींचे आभाराचे पत्र धाडावे, असे आम्ही दोघांनी ठरवले. मजकूर मी सांगायचा, इंग्रजी तिने करायचे. वहीत आभार क्रमांक सहा आहे. तो मी घेणार आहे, वर एक ओळ नवी घालून.

हा लेखही तसा जोडकामच आहे. म्हण वाडवडिलांची, रॉकेट भाचीचे, पोहे हिचे, आणि सगळ्यांत चांगले वाक्य अण्णांचे. असे काही लिहून झाले, की खाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहायची माझ्या हाताला बत्तीस वर्षांची सवय आहे. या वेळी मात्र लिहीत नाही. भूल असेल तर ती माझी.